साखळी गोठली, मग एन्टँगलमेंट का वाढते?

प्रश्न : 12 स्पिनांच्या (वर किंवा खाली असणाऱ्या सूक्ष्म चुंबकांच्या) हायझेनबर्ग साखळीत, म्हणजे शेजारी स्पिन एकमेकांशी जोडलेल्या साखळीत (जोडणी जे = 1), प्रत्येक जागी −5 ते +5 मधले यादृच्छिक क्षेत्र घेतले. सुरुवात एकाआड एक वर-खाली. ती रचना बरीचशी टिकते, पण अर्ध्या साखळीची एन्टँगलमेंट एन्ट्रॉपी (दोन अर्धे एकमेकांत किती गुंतलेत याचे माप) वाढतच राहते. प्रोग्राम चुकलाय का?
– एम.एस्सी. विद्यार्थी, सांगली

उत्तर : बहुधा नाही. खात्री करायची तर शेजारी स्पिनांच्या झेड घटकांच्या गुणाकाराचे पद शून्य करा, अदलाबदलीची पदे ठेवा. आता एकमेकांशी काही देणेघेणे नसलेले फर्मिऑन (इलेक्ट्रॉनच्या जातीचे कण) उरतात. भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी 1958 मध्ये दाखवलेली कोंडी, म्हणजे अव्यवस्थेमुळे कण जागीच अडकणे, ती हीच. इथे एन्ट्रॉपी थोडी चढून सपाट व्हायला हवी. इथेही ती चढत राहिली, तर चूक शोधायला बसा.

ते पद परत आणले की स्पिन जागीच अडकलेले राहतात, पण दूरचा स्पिन वर आहे की खाली, यावर इथल्या स्पिनाच्या कलेचा (फेजचा) वेग किंचित बदलतो. हा परिणाम अंतराबरोबर घातांकी घटतो. समजा, तो दर जागेला दहापट घटतो. मग माहितीला एक जागा पुढे सरकायला दहापट वेळ लागणार. म्हणून एन्ट्रॉपी काळाच्या लॉगने वाढते. 2012 मध्ये बार्डारसन, पोलमन आणि मूर यांनी हीच संथ वाढ तपासली होती. तेव्हा आलेखाचा काळाचा अक्ष लॉग घ्या, साध्या अक्षावर काहीच कळत नाही.

बारीक पावलांनी काळ पुढे ढकलत बसू नका. एकूण झेड-स्पिन शून्य असलेल्या 924 अवस्थांचे मॅट्रिक्स एकदाच पूर्ण सोडवा, मग कुठलाही काळ फुकटात. (18 स्पिनांना 48,620 अवस्था, नुसते मॅट्रिक्सच सुमारे 19 जीबी.) काळ 10¹² च्या पुढे नेऊ नका, डबल प्रिसिजनमध्ये (सुमारे 16 अंकी अचूकतेत) कलेचे आकडे निरर्थक होतात. सरासरी किमान काही शे यादृच्छिक नमुन्यांवर घ्या.

नेहमीची फसगत एकच : स्पिनांऐवजी पाउली मॅट्रिसेस (स्पिनाच्या दुप्पट) वापरणे. मग जोडणी चौपट, क्षेत्र मात्र दुप्पट होते आणि तुमचे 5 प्रत्यक्षात 2.5 ठरते. लहान साखळ्यांत कोंडी सुरू होण्याची सीमा 3.7 च्या आसपास दिसते (लांब साखळीत ती बरीच वर असावी, असा वाद चालू आहे). म्हणजे तुम्ही नकळत पलीकडच्या बाजूला, जिथे सुरुवातीची रचना पुसली जाते.

प्रश्न : प्रयोगात हे दिसले का?

उत्तर : कोंडी दिसली. 2015 मध्ये म्युनिकमध्ये पोटॅशियम-40 चे अणू 532 नॅनोमीटरच्या प्रकाशजाळीत एकाआड एक बसवले आणि 738 नॅनोमीटरची दुसरी जाळी वर टाकली. सम-विषम जागांतला फरक टिकून राहिला. ही अव्यवस्था अर्धआवर्ती (ठरावीक नियमाची, पण तंतोतंत पुन्हा न येणारी) होती, खरी यादृच्छिक नव्हे; आणि मोजले ते अणूंचे वाटप, एन्ट्रॉपी नाही.