बाथरूम कोणाचं?

प्रिय ताई,

हे पत्र लिहायलाच लाज वाटते. वय चाळिशीपार. घरात, ऑफिसात सगळे मला धीराचा माणूस समजतात, पण कोळी दिसला की माझी गाळण उडते. लहानपणापासून हे असंच आहे. आजवर निभावलं, कारण घरातले कोळी बायको हाकलते. मागच्या महिन्यात ती कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी होती. पहिल्याच रात्री बाथरूमच्या भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी! मी दार ओढून घेतलं, खालच्या फटीत टॉवेल कोंबला आणि ती येईपर्यंत ते बाथरूम उघडलंच नाही. सात वर्षांच्या मुलाला सांगितलं, "नळ बिघडलाय." त्याला खरं काय ते कळलं असावं. आता तो बूट झटकून झटकून घालतो आणि रात्री एकटा बाथरूमला जात नाही. याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्यात मेव्हण्याने 'भीती घालवायला' म्हणून माझ्या उशीवर रबरी कोळी ठेवला. सगळे हसले. मी त्या रात्री हॉलमध्ये झोपलो.

कोळी घरात येऊच नयेत असा एखादा जालीम उपाय आहे का? आणि झोपेत कोळी तोंडात जातात, हे खरं का?

– लाजलेला बाबा

लाजलेल्या बाबांना, सप्रेम नमस्कार.

आधी ती लाज बाजूला ठेवू, कारण भीतीपेक्षा तिचाच पसारा मोठा झालाय. कोळ्याची भीती जगभर आढळते, त्यात जगावेगळं काहीच नाही. बायका ती बोलून दाखवतात आणि पुरुष 'नळ बिघडलाय' म्हणतात, एवढाच काय तो फरक. भीती सहा महिन्यांहून जास्त काळ टिकली, खऱ्या धोक्याच्या मानाने ती फारच मोठी असली आणि रोजच्या जगण्यात आडवी येऊ लागली, की डॉक्टर तिला फोबिया म्हणतात. तुमची भीती या तिन्ही कसोट्यांना उतरते असं पत्रावरून तरी दिसतं. पण त्यासाठी धास्तावू नका. मनाच्या ज्या त्रासांवर उपचार हमखास लागू पडतात, त्यांत अशा एकाच गोष्टीच्या भीतीचा नंबर बराच वरचा आहे.

जालीम उपायाचं म्हणाल, तर तसा काही नाही. कोळी घरात येतो किड्यांच्या मागे आणि किडे येतात उजेडाच्या मागे. रात्री उघड्या खिडकीजवळचा दिवा बंद ठेवा, खिडक्यांना जाळी लावा, दाराखालच्या फटी बुजवा, अडगळ कमी करा. येणारे कोळी कमी होतील, थांबणार मात्र नाहीत. स्प्रेच्या नादी लागू नका. कोळी शरीर उचलून पायांच्या टोकांवर चालतो, त्यामुळे फरशीवर मारून ठेवलेल्या औषधाचा त्याच्यावर झुरळाइतका परिणाम होत नाही. आणि थेट अंगावर मारलंत, तर मरण्याआधी तो सैरावैरा धावणार. नेमकं तेच तर तुम्हाला बघवत नाही! शिवाय घरात लहान मूल आहे.

बाथरूममधला तो पाहुणा कोण असावा, हे तुमच्या वर्णनावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. चपटा, तपकिरी, मोठा आणि भिंतीला चिकटून बसणारा म्हणजे बहुतेक हंट्समन कुळातला कोळी. हा जाळं विणून वाट बघत बसत नाही, रात्री फिरून शिकार करतो. झुरळं हे त्याचं आवडतं खाणं. अंग चपटं असल्यामुळे तो दाराच्या चौकटीमागे, आरशामागे सहज मावतो. मादी असेल तर पोटाखाली अंड्यांची पांढरट, चपटी चकती धरून हिंडते. पाय धरून मोजला तर हा कोळी दहा सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे तुम्ही 'तळहाताएवढा' लिहिलंत त्यात अतिशयोक्ती नाही. हातात दाबून धरला तर चावेलही आणि दुखेलही, पण जीव धोक्यात येईल असं त्याचं विष नाही. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेकांजवळ विष असतं, पण माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती मोजक्याच आहेत.

त्याचं ते अचानक पळणंही जरा समजून घ्या, कारण भीती घालतं ते तेच. कोळ्याला पाय मुडपायला स्नायू असतात, पण पायाचे मोठे सांधे सरळ करायला नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताणतो. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले दिसतात ते म्हणूनच, दाब संपलेला असतो. त्याला फार वेळ पळताही येत नाही. सुसाट सुटतो, थबकतो, पुन्हा सुटतो. आपल्याला वाटतं, थांबून आपल्याकडेच बघतोय, डाव टाकतोय. तो बिचारा दमलेला असतो, अंधारी फट शोधत असतो.

ही सगळी माहिती वाचून तुमची भीती जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही कोळी निरुपद्रवी असतो हे आधीपासून माहीत असणारच. तरी टॉवेल कोंबलातच ना? माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी गोष्ट त्या टॉवेलापाशी आहे. दार लावलंत, छातीतली धडधड थांबली, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्यातूनच मेंदूने धडा घेतला: पळालो म्हणून वाचलो. तो कोळी तासाभरात खिडकीतून निघून गेला असेल किंवा चारही दिवस आरशामागे गप्प बसला असेल. तुम्ही दार उघडलंच नाहीत, मग कळणार कसं? लहानपणापासून दर वेळी हेच होत आलंय. कोळी दिसला की तुम्ही बाहेर आणि वहिनी आत. 'मी तिथेच थांबलो आणि काही झालं नाही' हा अनुभव तुमच्या गाठीशी एकदाही नाही. तेव्हा आपल्याला कोळ्याला घराबाहेर काढायचं नाहीये, तुम्हाला खोलीत थांबवायचंय.

मेव्हण्यांचा उपाय दिसायला याच जातीचा, पण अगदी उलटा. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला मागून पाण्यात ढकलणारे लोक असतात, त्यातलेच हे. भीतीच्या गोष्टीजवळ जायचं ते स्वतःच्या मर्जीने, आधी ठरवून, आपल्याला झेपेल तेवढंच. कुणी अचानक अंगावर टाकलं की भीती मोडत नाही, उलट घरातली उशीसुद्धा संशयास्पद होते. त्यांना स्पष्ट सांगा, हसून नव्हे: "असं पुन्हा करू नका."

पायरीपायरीने जवळ जाण्याची ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. पुढे 1989 मध्ये स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी अशा भीतींसाठी एकाच बैठकीचा उपचार मांडला, फार तर तीन तासांचा. मार्गदर्शक शेजारी असतो, पण प्रत्येक पाऊल रुग्ण स्वतः होऊन टाकतो.

तुम्ही घरी सुरुवात करू शकता. वही घ्या आणि कोळ्याशी संबंधित प्रसंग सोप्याकडून अवघडाकडे लिहून काढा. तुमची यादी तुम्हीच करायची, मी फक्त अंदाज देते. आधी पेन्सिलीने कोळ्याचं चित्र काढणं. मग फोनवर छोटा, काळा-पांढरा फोटो, नंतर मोठा, रंगीत. मग चालणाऱ्या कोळ्याचा व्हिडिओ. त्यानंतर कोळ्याची टाकलेली कात: हुबेहूब कोळीच दिसते, पण पोकळ, वजन नसलेली. ती पांढऱ्या कागदावर ठेवून जवळून बघा, नखांच्या टोकांपर्यंत. मग छताच्या कोपऱ्यातला काटकुळ्या पायांचा कोळी. त्याच्या जाळ्याला काडी लावली की तो अंग गदागदा हलवतो, पळत तुमच्या अंगावर येत नाही. त्यापुढे भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा छोटा कोळी. त्याच्यासमोर बोट हलवलं तर तो अख्खा वळतो आणि पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी तुमच्याकडे टकामका बघतो. सगळ्या कोळ्यांत मला हाच जरा लाघवी वाटतो. तो पारदर्शक बरणीत, झाकण लावून, आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग टेबलावर. मोठ्या कोळ्यावर काचेचा पेला पालथा घालणं, खालून जाड कागद सरकवणं आणि बाहेर नेऊन सोडणं, हे सगळ्यात शेवटी.

पायरी चढण्याआधी वहीत एक ओळ लिहा: मला काय होईल असं वाटतंय? 'तो माझ्या तोंडावर उडी मारेल', 'मला चक्कर येईल', जे मनात येईल ते. भीतीला शंभरपैकी गुण द्या. मग तिथे थांबा. पहिली काही मिनिटं वाईट जातील, घाम फुटेल, पोटात गोळा येईल. शरीर त्या टोकाला फार वेळ राहू शकत नाही, भीती हळूहळू उतरू लागते. कधी नाहीही उतरत, म्हणून फसलो असं समजू नका. तुम्ही थांबलात आणि लिहिलं होतं ते घडलं नाही, तरी त्या दिवसाचं काम झालं. पुन्हा गुण लिहा. तीच पायरी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत, संध्याकाळच्या वेळी करून बघा. तिचा कंटाळा येऊ लागला की पुढच्या पायरीला हात घाला.

यात एक पळवाट असते, ती सांगून ठेवते. हातात झाडू, पायात बूट, दाराशी उभी बायको, डोळे अर्धे मिटलेले. असं केलं की मेंदू श्रेय झाडूला देतो. सुरुवातीला चालेल, पण एकेक आधार सोडत चला. आणि दर रात्री टॉर्च घेऊन पलंगाखाली पाहणी करत असाल, तर तीही थांबवा. जळमटं आठवड्यातून एकदा झाडायची, एरवी शोधायला जायचं नाही. ते काम आजपासून तुमच्याकडे.

मुलाचं मात्र थांबवून ठेवू नका. भीती बघून शिकली जाते. 1980 च्या दशकात सुझन मिनेका या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांवर प्रयोग केले. घाबरलेली माकडं बघून तीही सापाला घाबरू लागली. पण ज्यांनी आधी निवांत माकडं पाहिली होती, त्यांतल्या बहुतेकांवर पुढे घाबरलेल्यांचा प्रभाव पडला नाही. म्हणजे मुलासमोर शूराचा आव आणायची गरज नाही, तो पकडला जाणारच. खरं सांगून टाका: "नळ बिघडला नव्हता रे. मला कोळ्याची भीती वाटते. कोळी काही करत नाही, माझीच सवय वाईट आहे आणि मी ती मोडतोय." मग फोटोच्या पायरीला त्याला शेजारी बसवा, डोळे मोजायला सांगा. बहुतेक कोळ्यांना आठ असतात. मोठ्या, अवघड पायऱ्या मात्र आधी एकट्याने करा. तुमचा थरकाप त्याने बघायला नको. आणि रात्री त्याच्यासोबत बाथरूमच्या दारापर्यंत जा, आत त्याला एकट्याला जाऊ द्या.

वहिनींनाही ही यादी दाखवा. त्यांनी एकदम हात वर करू नयेत आणि तुमच्या हाकेसरशी धावतही येऊ नये. "काढते मी" याच्याऐवजी "मी इथे उभी आहे, तू पेला आण," एवढाच बदल पुष्कळ.

महिना-दीड महिना करूनही एखाद्या पायरीवर अडकलात किंवा फोटोसुद्धा बघवत नसेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. फोनवरच विचारा: "तुम्ही फोबियासाठी एक्स्पोजर थेरपी करता का?" म्हणजे हेच, भीतीच्या गोष्टीजवळ पायरीपायरीने जाणं. नुसत्या गप्पांनी किंवा झोपेच्या गोळ्यांनी ही भीती जात नाही. हृदयाचा काही त्रास असेल, तर या पायऱ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

राहिला झोपेत तोंडात जाणारा कोळी. माणूस वर्षाला इतके-तितके कोळी गिळतो, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला कसलाही आधार नाही. झोपलेला माणूस कूस बदलतो, श्वास सोडतो, त्याचं हृदय धडधडत असतं. कोळ्याच्या पायांवरच्या बारीक केसांना ही थरथर लांबूनच कळते आणि ती त्याला धोक्याची वाटते. ओला, गरम वारा येणाऱ्या भोकात शिरून त्याला मिळणार तरी काय? घोरत असाल, तर त्याहूनही निर्धास्त राहा.

– ताई