घर आवरताना मला मजा येतेय, चुकतंय का?

ताई,
आमची डोंबिवलीतली इमारत १९७९ सालची. ती आता पुनर्विकासाला निघालीय आणि दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यायचीय. लग्न होऊन आले ती याच घरात. सगळ्यांना वाटतं मी अगदी हळवी झाले असेन. शेजारणी जिन्यात भेटल्या की डोळे पुसतात. मला मात्र रोज सकाळी कधी एकदा माळ्यावर चढते असं होतं! फडताळातल्या कागदाखाली १९९९ सालचं वर्तमानपत्र निघालं, त्यातल्या छोट्या जाहिराती वाचण्यात अर्धी दुपार गेली. सासऱ्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ सापडलं. जुन्या कालनिर्णयच्या चौकटींत माझ्याच अक्षरातले दुधाचे खाडे सापडले. मिस्टर म्हणतात, "खेळ मांडलायस नुसता, भंगारवाल्याला बोलाव आणि मोकळी हो." सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. त्या काही बोलतच नाहीत, बसून बघत राहतात. माझा उत्साह त्यांना लागत असेल का? माझ्यात माया कमी आहे का? आणि स्वयंपाकघराचं सागवानी दार बरोबर न्यावंसं वाटतं, तो हट्ट सोडून देऊ का?
– माळ्यावरची सून

प्रिय सूनबाई,
माया कमी असती तर इतक्या वर्षांपूर्वीचे दुधाचे खाडे तुम्ही वाचत बसला नसता. कॅलेंडर रद्दीत गेलं असतं आणि दुपारपर्यंत माळा रिकामा झाला असता. शेजारणींना रडू येतंय, त्यांना रडू दे. तुमचा निरोप घ्यायचा प्रकार वेगळा आहे. तुम्ही घर वस्तू-वस्तूने हातात घेऊन बघताय. मला तर पत्र वाचताना तुमचा हेवा वाटला.

काळजी मला सासूबाईंची वाटते, पण तुमच्या उत्साहामुळे नव्हे. त्या घराची मांडणी मुळात त्यांची. आता काय ठेवायचं, काय काढायचं हे तुम्ही आणि तुमचे मिस्टर ठरवताय, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तेव्हा त्यांना विचारा. सुरुवात भांड्यांपासून करा.

माळ्यावरची पितळेची आणि स्टीलची भांडी खाली काढा, चिंचेने घासा आणि त्यांच्यासमोर मांडा. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, आधी छिन्नीने ठोकून ठिपक्या-ठिपक्यांची, नंतरच्या काळात मशीनने कोरलेली. कुणी दिलं, कुणाला दिलं, मुंज की लग्न की बारसं, कधी तारीख, कधी गावाचं नाव. अक्षरं झिजलेली असली तर भांडं उजेडाकडे तिरकं धरा, वाचता येतात. त्या नावांतली निम्मी माणसं तुम्ही पाहिलेलीसुद्धा नसतील. ती कोण होती हे सांगणारं तुमच्या घरात आता एकच माणूस उरलंय. आत्याबाईंच्या यजमानांनी दिलेला डबा, माहेरच्या शेजारणीने दिलेली वाटी, रुखवतातला तांब्या. त्या सांगतील आणि एकेका भांड्यावरून चार चार घरं निघतील. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, पण लावल्याचं त्यांना सांगा. सकाळी तासभर पुरे, या वयात थकवा लवकर येतो. मग कुठलं भांडं ठेवायचं, कुठलं कामवालीला द्यायचं, कुठलं मोडीत घालायचं हे त्यांनाच ठरवू दे. त्यांनी "दे" म्हटलेलं तुम्हाला मनातून ठेवावंसं वाटलं तर तसं त्यांना उघड सांगा, परस्पर बाजूला काढू नका. मध्येच त्या रडल्या तर रडू दे, भांडी लगेच आवरायला घेऊ नका.

फोटोंचंही तसंच. चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, फाटतात. आधी फोनवर त्यांचेच फोटो काढून घ्या. सुटे असतील त्यांच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आता मिस्टरांकडे येते. "खेळ" हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. पण तारखेबद्दल त्यांचं बरोबर आहे. पुनर्विकासात घर दोनदा हलवावं लागतं, आधी भाड्याच्या जागेत आणि मग नव्या फ्लॅटमध्ये. भाड्याच्या जागेला माळा असेलच असं नाही, आणि इमारत उभी राहायला वर्षं जातात. तितकी वर्षं खोक्यात बंद राहूनही जे तुम्हाला हवंसं वाटेल, तेवढंच न्या. बाकीचे कपडे बोहारणीला, वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला. शोधायला सकाळ ठेवा, बांधायला दुपार. दुपारी माळ्यावर चढायचं नाही, हे मात्र पाळा.

तुमच्या या शोधाशोधीत मिस्टरांनाही रस वाटेल असं एक काम आहे, ते म्हणजे कागद. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), बिल्डरशी झालेल्या कराराची प्रत हे सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी टेम्पोत न जाता तुमच्या खांद्यावर. सासऱ्यांच्या कपाटात कंपन्यांचे कागदी शेअर निघाले तर रद्दी समजू नका. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून नावावर करता येत नाहीत, पण वारसांच्या नावे करून डीमॅट खात्यात घेता येतात. सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर ते सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत गेलेले असतात, तिथूनही अर्ज करून परत मिळतात. जुनी पासबुकं निघाली तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर सासऱ्यांच्या नावाने शोधा. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवींचा पत्ता तिथे लागतो. हे काम मिस्टरांकडे सोपवा. एखाद्या साडीच्या घडीत पाचशे-हजारच्या जुन्या नोटा निघाल्या तर आठवण म्हणून दहापर्यंत ठेवता येतात. त्याहून जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

एचएमटीला लगेच चावी देत बसू नका. आतलं तेल सुकलेलं असतं. आधी घड्याळजीकडून साफ करून घ्या, मग ते मिस्टरांच्या हातावर बांधा, भंगारवाल्याचा विषय मागे पडेल असं मला वाटतं. पैठणी किंवा जरीची साडी निघाली तर तिची घडी बदला आणि जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये जरीची तार काळी पडते. रेडिओ आणि बॅटरीतले सेल मात्र आजच काढा.

भाड्याच्या जागेत पोचल्यावर पहिली खोली सासूबाईंची लावा. पलंगाशेजारी दिवा डाव्या हाताला असेल तर तिथेही डाव्याच हाताला. रात्री बाथरूमकडे जायच्या वाटेत एकही खोकं नको.

दाराचा हट्ट सोडू नका. पण तो लवकर धरा. काही करारांत दारं-खिडक्या-ग्रिल सभासदांनी न्यायची मुभा असते, काहींत इमारतीचा सगळा मलबा बिल्डरचा असतो. तुमच्या करारात काय लिहिलंय ते वाचा आणि सेक्रेटरींकडून लेखी घ्या. नव्या फ्लॅटच्या चौकटीत ते बहुधा बसणार नाही. सुताराला आत्ताच मापं दाखवून त्याची जेवणाच्या टेबलाची फळी होईल का ते विचारा, आणि टेबल किती लांब हवं ते सासूबाईंना विचारा.