अर्धी ओळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी झाडपाल्याच्या औषधांची वही मिळाली. दोन रात्री तीच वाचत बसलो होतो. आजीबाईंच्या तोंडची भाषा तू जशीच्या तशी उतरवून घेतलीस, ते फार आवडलं. एका पानावर मात्र अडलो. तिथे एवढंच आहे: ‘कळलावी. कंद. बाळंतपणात उपयोगी.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितोय.

तुझ्या वयाचा असताना मीही हीच ओळ लिहिली होती. ती एका लहानशा पुस्तिकेत छापूनही आली. मोठ्या कौतुकानं मी ती आमच्या गावच्या सुईणीला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लावायचा का खायचा, ते कुठं लिवलंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं मला बांधावर नेलं. श्रावण होता, करवंदीच्या जाळीवर कळलावी चढली होती. पानाचं टोक दोऱ्यासारखं लांबून फांदीला वेटोळं घालून बसलेलं, फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. तिनं माती उकरून कंद दाखवला. बोटाएवढा जाड, मधेच नांगरासारखा काटकोनात वळलेला. नांगर म्हणजे लांगल, म्हणून संस्कृतात ही लांगली.

मग तिनं सांगितलं ते असं: कंद उगाळायचा, लेप तळपायाला लावायचा, आणि मूल बाहेर आलं की त्याच क्षणी ओल्या फडक्यानं पुसून काढायचा. तोंडात जाऊ द्यायचा नाही. पुसायला माणूस आधीच नेमून ठेवायचं. तिच्या लेखी औषध म्हणजे हे सगळं मिळून होतं. मी त्यातलं फक्त झाडाचं नाव उचललं होतं. उरलेल्या प्रतींवर मी शाईनं ‘पोटात घेऊ नये, विष आहे’ असं लिहिलं. ज्या प्रती वाटल्या गेल्या होत्या, त्या कोणाच्या हाती गेल्या ते मला कधीच कळलं नाही. त्याचा घोर आजही आहे.

जुन्या ग्रंथांतही हीच काळजी दिसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, मूल झाल्यावर मागची वार पडत नसेल तर लांगलीच्या मुळीचा लेप तळहात-तळपायांना लावायला सांगितलाय. पुढच्या रसग्रंथांनी तिला रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, अफू, धोतरा यांच्या पंगतीला बसवून उपविष, म्हणजे दुय्यम विष म्हटलं, आणि गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे शुद्ध, केल्याशिवाय वापरू नये असा दंडक घातला. गर्भपातिनी हे तिचं आणखी एक नाव. कळा आणते म्हणून कळलावी. गर्भवतीनं तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, हे त्या नावातच आलं.

नावावरून आठवलं. आपल्याकडे काही भागांत हिलाच खड्यानाग म्हणतात, कुठे बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, झाड वेगळं, विषही वेगळं. तो काही तासांत हृदयाची लय बिघडवतो. म्हणून नुसत्या नावावर कधी विसंबू नकोस. पान, फूल, कंद, तिन्हींचं चित्र काढ.

कळलावीचं विष सावकाश चढतं. त्याचं नाव कोल्चिसीन. ते पेशींचं विभाजनच थांबवतं. कंद पोटात गेला की काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पटकीच लागली असं वाटावं इतके. त्यानंतर कधी कधी थोडा उतार पडतो आणि घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा एकेक करून खचू लागतात. यातून वाचलेल्या माणसाचे केस पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी झडतात. हमखास उतारा हाताशी नाही. रानातला खायचा कंद समजून कोणी हा उकडून खाल्ला, तर उलटी होण्याची वाटही न पाहता दवाखाना गाठायचा. तुझ्या वहीत हेही यायला हवं, ठळक अक्षरांत.

हेच कोल्चिसीन गाउटच्या सांधेदुखीवर दिलं जातं. गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची! १८२० साली पेल्तिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या एका झाडातून वेगळं काढलं. या कोल्चिसीनसाठीच तामिळनाडूत शेतकरी कळलावी मांडवावर चढवून तिचं बी पिकवतात. ती त्या राज्याचं राज्यफूलही आहे. कंदात विष किती, ते मात्र रानातल्या कोणालाही मोजता येत नाही. सुईण ते मोजत नव्हती, म्हणूनच ती ते पोटात जाऊ देत नव्हती.

आज अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं, लेप लावत बसायचं नाही. तरी नोंद करच. सुईणी थकत चालल्यात आणि त्यांच्या हातातलं शहाणपण त्यांच्याबरोबर जाईल. ज्या आजीनं तुला हे सांगितलं, तिच्याकडे पुन्हा जा. कुठे लावायचा, किती वेळ, केव्हा काढायचा, कोणाला लावायचा नाही, आणि तिच्या डोळ्यांदेखत कधी बिघडलं का, हे विचार. शेवटचा प्रश्न हलक्या आवाजात विचार आणि ती बोलेपर्यंत थांब.

ते पान फाडू नकोस. खाली पुरेशी जागा मोकळी आहे. भाद्रपद संपायच्या आत इकडे ये, कुंपणावर कळलावी फुलली आहे. येताना वही आण.

तुझा,
गुरुजी