कोंब वाचला तर पाम वाचला

थंडी ओसरू लागली की ग्वाल्हेरच्या वाचकांच्या पत्रांत करपलेले पाम डोकावू लागतात. यंदा एक पत्र न्यू जर्सीच्या बागेबद्दलही आलं आहे. प्रश्नापुढे कंसात पत्रलेखकाची ग्वाल्हेरमधली वस्ती दिली आहे.

गच्चीवर अरेका पामच्या सहा कुंड्या आहेत. दर जानेवारीत पानं तपकिरी होतात. पेपरात किमान तापमान ४ अंश छापलेलं असतं, मग पाला (ग्वाल्हेरी अर्थाने, गोठलेलं दव) पडतोच कसा? (लष्कर)

पेपरातलं तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. तुमचं अरेका उघड्या आभाळाखाली उभं असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पान आपली उष्णता थेट आकाशात सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी थंड होतं. म्हणजे हवा ४ अंशांवर असताना पान शून्याजवळ पोचलेलं असतं. दाट धुक्याच्या रात्री असा पाला पडत नाही, कारण धुकं पांघरुणाचं काम करतं. खरी भीती पाऊस येऊन गेल्यावर आभाळ मोकळं होतं आणि वारा थांबतो, त्या रात्रीची. त्या संध्याकाळी जागं राहायचं.

अरेका मूळचा मादागास्करचा. त्याला ४-५ अंशांपासूनच त्रास सुरू होतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुंड्या व्हरांड्यात ठेवणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून त्या एकत्र ठेवा. दिवसभर तापलेली वीट रात्री ऊब सोडते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास फक्त मातीला पाणी द्या, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरते. चार बांबू रोवून त्यांच्यावर गोणपाट किंवा जुनी सुती चादर टाका. कापड पानांना टेकता कामा नये, ते टेकलं तर पान तिथेच गोठतं. प्लास्टिक तर नकोच. सकाळी नऊपर्यंत पांघरूण काढून टाका. दिवसभर तसंच ठेवलं तर आतली ओल कोंबात उतरते आणि थंडीने न गेलेलं झाड कुजून जातं.

फाटकापाशी दोन बॉटल पाम आहेत, दहा-दहा फुटांचे. एकाची मधली सुरळी (न उलगडलेलं नवं पान) हलकी ओढली तर हातातच आली. बुडाशी काळपट आणि घाण वास. झाड मेलं का? (थाटीपूर)

अजून नाही, कुऱ्हाड बाजूला ठेवा. मात्र आज-उद्याच कामाला लागावं लागेल.

पामला वाढीचा कोंब एकच असतो. पेरू छाटला तर बाजूने फुटतो, बॉटल पामला ती सोय नाही. खोडात नवं लाकूड तयार करणारा थरच नसल्याने जखमही भरून येत नाही. जानेवारीच्या गारठ्यात सुरळीच्या बुडाचा कोवळा भाग मरतो, पण वरून काहीच दिसत नाही. मग तिथे दव आणि पाणी साचतं, जिवाणू आणि बुरशी शिरतात आणि फेब्रुवारीत सुरळी सुटते. त्याखाली कोंब अजून जिवंत असण्याची बरीच शक्यता आहे.

हातमोजे आणि चष्मा घालून खोबणीतला सडका भाग लांब दांड्याच्या चमच्याने आणि कापडाने काढा, खाली खरवडू मात्र नका. औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ते ५० ते १०० मिली खोबणीत ओता, फेस येईल. फेस जवळजवळ थांबेपर्यंत हे रोज एकदा, दोन-तीन दिवस करा. नंतर एक दिवस मोकळा सोडा. मग ५० टक्के ताकदीची कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम या प्रमाणात कालवून अर्धा लिटर आत सोडा. ही दोन्ही औषधं एकाच दिवशी वापरू नका, तांब्यामुळे पेरॉक्साइड लगेच निकामी होतं. दहा दिवसांनी तांब्याचा डोस एकदाच पुन्हा द्या. तिसरा देऊ नका, तांबं साचलं तर कोंबालाच इजा होते.

हिरवी पानं एकही कापू नका, कोंबाला अन्न तीच पुरवतात. वरून पाण्याची फवारणी नको, आणि नवं पान दिसेपर्यंत खतही नको. एप्रिल-मेच्या उन्हात नवी सुरळी वर आली तर पहिली दोन-तीन पानं आखूड आणि कातरलेली निघतील. ती तशीच राहू द्या. पावसाळा संपेपर्यंत काहीच आलं नाही आणि खोडाचा वरचा हिरवा भाग दाबल्यावर मऊ लागला, तरच झाड काढा.

दुसऱ्या पामकडे आजच बघा. त्याच्या सुरळीवर आणि शेजारच्या देठावर एकाच उंचीला मार्करने रेघ ओढा. महिन्याभरात सुरळीवरची रेघ वर सरकली तर झाड ठीक आहे.

मेळ्यातून फॉक्सटेल पाम आणला आहे. लगेच मोठ्या कुंडीत लावू का? (मुरार)

नको. अशी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या दमट, उबदार ठिकाणच्या रोपवाटिकांतून येतात. त्यांनी गारठा पाहिलेलाच नसतो, आणि त्यात मुळं हलली तर दुहेरी मार बसतो. आहे त्या पिशवीतच व्हरांड्यात ठेवा आणि वरची माती दोन बोटं सुकल्यावरच पाणी द्या. कुंडी बदलायची ती फेब्रुवारीच्या शेवटी.

ट्रॅकिकार्पस टाकिल हा कुमाऊंचा पाम बर्फातही टिकतो म्हणतात. मग तो ग्वाल्हेरला लावला तर थंडीची चिंताच मिटेल ना? (सिटी सेंटर)

थंडीची मिटेल, पण मे महिन्यात दुसरी उभी राहील. हा पाम पिथौरागडजवळच्या थल केदार भागातल्या, सुमारे दोन हजार मीटर आणि त्याहून उंच डोंगरांवरचा. ओडोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याला नाव दिलं. हिमालयाच्या त्या उतारांवर बर्फ पडतो, पण उन्हाळ्यातल्या रात्री थंडगार असतात. ग्वाल्हेरला दिवसा ४५ अंश, लू आणि रात्रीही न उतरणारा उकाडा असतो. त्यात तो खंगत जातो.

आपल्याला २ अंश आणि ४५ अंश दोन्ही सोसणारं झाड हवं. पहिलं नाव शिंदीचं. ती इथलीच, पाल्याने तिचं काहीही बिघडत नाही, आणि लोक तिला साधी समजून टाळतात याचं मला फार वाईट वाटतं. मोकळी जागा असेल तर वॉशिंगटोनिया फिलिफेरा किंवा कॅनरी खजूर लावा. सावलीतल्या कोपऱ्यासाठी ऱ्हापिस एक्सेल्सा. चिनी पंखा पामही चालेल, पण लूमध्ये त्याच्या पानांची टोकं जळतात. त्याला दुपारनंतर सावली मिळाली तर बरं.

मुलगी न्यू जर्सीत असते, तिथे पारा उणे १५ पर्यंत उतरतो. तिला अंगणात पाम लावायचा आहे. शक्य आहे का? (दौलतगंज)

शक्य आहे, मात्र जात नेमकी निवडावी लागेल. सर्वांत कणखर नीडल पाम. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातलाच, झुडपासारखा वाढतो आणि मुरलेला असेल तर उणे २० अंशही सोसतो. त्याच्याखालोखाल सबाल मायनर. खोडाचा, उंच पाम हवा असेल तर ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, पण उणे १२ च्या खाली त्याला आधार द्यावाच लागतो. कोणतीही जात घेतली तरी इवलंसं रोप नको. पाच लिटरच्या कुंडीपेक्षा मोठं घ्या, लहान रोपाचा कोंब जमिनीलगत असतो आणि तो लवकर गोठतो.

लागवड मेमध्ये करा, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं पसरतील. जागा घराच्या दक्षिण भिंतीलगत, पाणी न साचणारी असावी. चिकणमाती असेल तर एक फूट उंच वाफा करा. तिथे पानं नुसत्या थंडीने जळत नाहीत. जमीन गोठल्यावर मुळांना पाणी मिळत नाही आणि ऊन-वारा पानं सुकवत राहतो. म्हणून नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठायच्या आधी, भरपूर पाणी द्या आणि बुंध्याभोवती तीन फुटांपर्यंत सुक्या पानांचा १५-२० सेंमी थर टाका.

फॉर्च्युनीची पानं सुतळीने वर बांधा, भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करा आणि त्यात कोरडी पानं भरा. वर पत्र्याचं छप्पर हवं, बाजू मात्र मोकळ्या ठेवा. पिंजऱ्यात पानं भरायची नसतील, तर खोडाभोवती तापणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बल्बांची माळ गुंडाळा. एलईडी निरुपयोगी, तिला ऊबच नसते. माळ सुक्या पानांना टेकू देऊ नका, आगीचा धोका असतो. ती ओल लागली की आपोआप बंद होणाऱ्या सॉकेटला जोडा आणि २ अंशांना चालू, ७ अंशांना बंद होणारा थर्मोस्टॅट लावा. मार्चच्या अखेरीस सगळं हळूहळू काढा, ढगाळ दिवशी सुरुवात करून. बरेच जण भीतीपोटी एप्रिलपर्यंत बांधून ठेवतात आणि थंडीत तगलेलं झाड ओलीने घालवतात.

जुन्या पानांवर नारिंगी ठिपके येतात, टोकं सुकतात. अशी पानं कापावीत का? थंडीचा संबंध आहे का? (लष्कर)

हे पोटॅश कमी पडल्याचं लक्षण आहे. असं झाड थंडीतही आधी मार खातं. पोटॅश नसलं की पाम ते जुन्या पानांतून ओढून नव्या पानांना देतो. तुम्ही जुनं पान कापलंत तर तो वरच्या पानाकडे वळतो आणि ठिपके वर चढतात. पूर्ण वाळलेली पानंच काढा.

आठ-दहा फुटांच्या झाडाला जुलैत आणि पुन्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला २५० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश आणि १२५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्या. बुंध्यापासून फूटभर सोडून तीन फुटांच्या वर्तुळात पसरा आणि पाणी द्या. नुसतं पोटॅश दिलंत तर मॅग्नेशियम कमी पडून पानांच्या कडा पिवळ्या होतात. सप्टेंबरनंतर युरिया अजिबात नको, त्याने फुटलेलं कोवळं पानच डिसेंबरात पहिलं करपतं. ठिपक्यांची पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, सुधारणा नव्या पानांतच दिसेल, आणि त्याला वर्षभर तरी लागेल.