शनिवारी बंद असणारं विद्यापीठ

प्रश्न : बाई, मी निपाणीची. बीएस्सी नर्सिंग झालंय, आई घरी बिड्या वळते. अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण, घ्यायचं मनात आहे. काका म्हणतात, मिशनऱ्यांचं आहे, बाटवतील. काय करू?

उत्तर : काकांना मिरजेची आठवण करून दे की! वान्लेस साहेबांचा मिशन दवाखाना १८९४ पासूनचा. आपल्याकडची किती घरं ऑपरेशनला तिकडंच धावली. बाटून कुणी परत आलं, असं आमच्या गल्लीत तरी ऐकलं नाही.

लोमा लिंडा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, पुण्याचं स्पायसर विद्यापीठ चालवणाऱ्यांचंच. प्रवेशाला त्या पंथाचं असावं लागत नाही. धर्माचा एखादा विषय मात्र घ्यावाच लागतो. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत कामकाज बंद, त्यांचा शब्बाथ. दारू-तंबाखू वर्ज्य, शाकाहाराचा जुना आग्रह. माळकऱ्यांच्या मुलखातल्या पोरीला यात अवघड ते काय? तंबाखूच्या निपाणीतून उठून तंबाखूबंदीत राहायचं, एवढीच गंमत.

तिथलं मला आवडतं ते वेगळंच. २००२ पासून त्यांनी आपल्याच पंथातली सुमारे ९६ हजार माणसं अभ्यासाला घेतली. कोण काय खातं, पुढं कुणाला कोणता आजार होतो, हे वर्षानुवर्षं नोंदत राहिले. ही चिकाटी शिकून ये. तुझी आई सूप मांडीवर घेऊन पान कापते, जर्दा भरते, दोरा गुंडाळते. ती बिडी ओढत नसेल, तरी निकोटीन हाताच्या कातडीतून आत जातं आणि धूळ नाकातून. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचं तर विचारूच नको. त्यांची अशी नोंद कुणीतरी ठेवायला हवी. म्हणून एपिडेमिऑलॉजी, म्हणजे कोणता आजार कुणाला आणि का होतो याचा अभ्यास, घे, नुसत्या आरोग्य व्यवस्थापनाच्या नादी लागू नको.

माझी धास्ती कर्जाची. फी डॉलरमध्ये, पुढं इथं पगार रुपयांत. शिवाय एमपीएच झालं म्हणून तिथं नर्स म्हणून काम मिळत नाही, त्याची एनसीएलईएक्स परीक्षा वेगळी. बेळगावात केएलई संस्थेतही एमपीएच आहे, ते आधी बघून ये. जामखेडला १९७० मध्ये खेड्यांतल्या आरोग्याचं काम सुरू करणारं आरोळे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती कॉलेजात डॉक्टर झालं, परदेशात एमपीएच केलं आणि गावात परतलं, हेही काकांच्या कानावर घाल.

घर गहाण टाकून जाणार असशील तर माझं उत्तर नाही असंच समज. विभागाला ईमेल कर : शिष्यवृत्ती किती, संशोधनात पगारी काम मिळतं का. लेखी उत्तर आल्यावरच बँकेची पायरी चढ.