भूगोल घेऊन कोकणात पाण्याच्या संशोधनात करिअर होतं का?

होतं. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, पाणलोटावर पीएच.डी. करायचं मनात आहे आणि घरचे म्हणतायत, ‘इथे एवढा पाऊस, पाण्यावर संशोधन कसलं करणार?’ मी इकडच्याच एका कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालोय. नोकरीची बहुतेक वर्षं याच प्रश्नात गेली, म्हणून जरा सविस्तर.

घरच्यांना आधी हिशेब दाखवा. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे हेक्टरी ३ कोटी लिटर झाले. तरी शिमगा झाला की सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, कितीतरी वाड्या टँकरची वाट बघतात. हे पाणी जातं कुठे, हाच आमचा विषय.

सड्यावरची एखादी विहीर उन्हाळ्यात वाकून बघा. वरचा जांभा भोकाभोकांचा, त्यातून पाणी झरझर खाली जातं. त्याच्याखाली बेसॉल्ट कुजून झालेली पांढरट-गुलाबी चिकण माती लागते आणि तिथे ते अडतं. मग मातीवरून आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतं, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं आणि पऱ्या खाडीला. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर माघात तळ दाखवते ती यामुळे. म्हणून देशावरची समतल चरांची, म्हणजे उताराला आडवे सारख्या उंचीवर चर खणून पाणी मुरवायची पद्धत जशीच्या तशी सड्यावर आणली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पाणी मुरतं भरपूर, पण टिकत नाही. त्यापेक्षा पाऊस संपता संपता पऱ्या वाहता असताना मातीच्या पोत्यांनी घातलेला वनराई बंधारा खालच्या अंगाच्या विहिरींना जास्त दिवस हात देतो.

आता प्रत्यक्ष काम. लोकांना वाटतं उपग्रहाची चित्रं आणि नकाशे. तेही असतं, पण खरं काम पऱ्यात उभं राहून मोजण्याचं. साकवाच्या (छोट्या पुलाच्या) खालच्या अंगाला सरळ, सारख्या रुंदीचा तुकडा शोधायचा, दहा मीटर दोरीने मोजून घ्यायचे, वरच्या टोकाला नारळाचं सोडण (वरची साल) सोडायचं आणि घड्याळ लावायचं. सोडण आदल्या रात्री भिजत घाला, कोरडं वरवर तरंगतं आणि वारा त्याला ढकलत नेतो. आलेल्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणायचं, कारण तळाशी पाणी सावकाश चालतं. मग त्याला रुंदीने आणि ठिकठिकाणी काठी घालून काढलेल्या सरासरी खोलीने गुणलं, झाला प्रवाह. एकदा मोजून काहीच कळत नाही. दिवाळीपासून मेपर्यंत दर आठवड्याला मोजलं, त्याच दिवशी चार विहिरींची पातळी घेतली, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काहीतरी बोलता येतं.

इथे थोडं कडू बोलतो. आपल्याकडच्या पाणलोटावरच्या कितीतरी प्रबंधांत टोपोशीटवरून (उंचीच्या रेषांच्या सरकारी नकाशावरून) किंवा एसआरटीएमच्या, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या, उंचीच्या आकड्यांवरून ओढ्यांच्या लहान-मोठ्या श्रेणी लावलेल्या असतात, प्रवाहघनता (क्षेत्रफळामागे ओढ्यांची लांबी) काढलेली असते, कोष्टकं भरलेली असतात आणि पाण्याचा एक थेंब मोजलेला नसतो. अमेरिकन जलशास्त्रज्ञ हॉर्टनने १९४५ मध्ये ही गणितं मांडली ती पाण्याचं वागणं समजावं म्हणून. तुम्ही त्या वाटेने जाऊ नका.

दुसरं, मोठ्या नावाच्या नदीमागे लागू नका. बाहेरून येणारे विद्यार्थी हमखास वाशिष्ठी धरतात. पण मे महिन्यात चिपळूणला वाशिष्ठीत दिसतं ते पाणी मुख्यतः कोयना धरणाचं. वीज काढून झाल्यावर ते इकडे सोडतात, कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). वीजकेंद्राचं वेळापत्रक हाताशी नसेल तर तो प्रवाह मोजून पाणलोटाबद्दल काय सांगणार? पुराचंही तसंच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस होता, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आल्यामुळे खाडीला उधाण होतं, नदीत गाळ होता. प्रत्येकजण आपल्याला हवं ते एक कारण उचलतो. कुणाचा वाटा किती, हे एकट्या पीएच.डी.वाल्याच्या आवाक्यातलं नाही. एखादा लहान पऱ्या, दोन वाड्यांचा, रोज पायी जाता येईल असा घ्या.

नोकरीचं म्हणाल तर एम.ए. किंवा एम.एस्सी., मग नेट नाहीतर सेट, हे धरून चालाच. कायम जागा कमी निघतात, तासिका तत्त्वावर बरीच वर्षं जातात, हे घरच्यांपासून लपवू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेत भूवैज्ञानिकाच्या पदाला भूशास्त्र लागतं, भूगोलावर ते मिळत नाही. त्यामुळे जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, नीट शिका, पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्थांना असा माणूस लागतो. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅमसारख्या ठिकाणी भूजलाचं प्रशिक्षण मिळतं, तेही बघा.

आणि गाईड ठरवायला जाल तेव्हा त्यांची प्रकाशनं मोजत बसू नका. तुमचा पर्जन्यमापक कुठे बसवलाय आणि सकाळी साडेआठला त्याची नोंद कोण घेतं, एवढं विचारा.