तालुक्याच्या स्टेडियमवर नवीन छत बसतंय, आम्ही पोरं रोज बघायला जातो. नेमकं काय बघावं?

भाऊ, तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: प्रेक्षक गॅलरीच्या मागे खांब उभे झालेत, कैच्या (छत पेलणारे लोखंडी सांगाडे) जमिनीवर जोडून पडल्यात, दोन वर चढल्यात आणि आठवडाभर काम थांबलंय. संध्याकाळी सराव आटोपला की तुम्ही कठड्यावर बसून फोटो काढता आणि तीन गोष्टींवर वाद घालता. पुढचं टोक वर उचललेलं का दिसतं, काम थांबलं का, आणि मे-जूनच्या वादळात हे टिकेल का.

तिसऱ्या वादापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यातून उलगडतं.

छत खाली पडेल का, ही काळजी सगळेच करतात. पत्र्याच्या हलक्या छताला खरी भीती असते ती उडण्याची. 0.5 मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण 5 किलो भरतो. पर्लिन (कैच्यांवर आडवे टाकलेले, पत्रा धरणारे लोखंडी दांडे) आणि कैच्यांचं लोखंड धरलं तरी असं छत चौरस मीटरला 25-30 किलोच्या आसपास राहतं. आता वाऱ्याचा हिशोब करा. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचं. चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो, त्याला 9.8 ने भागलं की किलो. ताशी 100 किमी वाऱ्याला हा दाब चौरस मीटरला सुमारे 47 किलो येतो, ताशी 140 ला 93 किलो. वेग दीडपटही होत नाही, तोवर दाब दुप्पट. त्यात गॅलरी म्हणजे पुढून उघडी आणि मागून भिंत. समोरून आलेला वारा आत कोंडतो आणि पत्र्याला खालून ढकलतो, वरून जाणारा वारा त्याच पत्र्याला ओढतो. रावेर-यावलला पावसाळ्याच्या तोंडावरचा एक वारा उभी केळी आडवी करून जातो. तोच वारा तुमच्या छताखाली शिरणार आहे. म्हणून छताला कशाने धरून ठेवलंय, हे खालून वर एकेक कडी धरत बघा: जमीन, पाया, बोल्ट, खांब, कैची, पर्लिन, स्क्रू. यातली सगळ्यांत कच्ची कडी जेवढी, तेवढीच छताची ताकद.

पाया आता झाकला गेलाय, तरी त्याचं गणित डोक्यात ठेवा. समजा कैच्या 6 मीटर अंतरावर आहेत आणि छत पुढच्या खांबापासून 10 मीटर बाहेर आलंय. चौरस मीटरला 25 किलोने एका कैचीवर 1500 किलो वजन आलं, तेही खांबापासून 5 मीटर पुढे. मागचा खांब 4 मीटरवर असेल तर त्याला 1875 किलोने खाली ओढून धरावं लागतं, म्हणजे त्याचा पाया उपटला जाऊ नये इतका जड हवा. पुढच्या खांबावर दोन्ही मिळून 3375 किलो येतात. वारा खालून उचलू लागला की हाच खेळ उलटतो: मागच्या खांबावर दाब येतो आणि पुढचा खांब वर ओढला जातो. म्हणूनच अशा हलक्या छताला मागे नुसती तार चालत नाही. तार ओढ सोसते, दाब सोसत नाही. तिथे जाड नळी किंवा बीम लागतो. तुमच्याकडे मागे काय लावलंय ते आधी बघा.

आपल्याकडच्या काळ्या मातीचं वेगळंच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. पाया त्या थरात सोडला तर दर वर्षी खांब थोडा वर-खाली होतो आणि त्याचा ताण वरच्या सांध्यांवर जातो. पाया काळी ओलांडून मुरमात किंवा खडकात गेला पाहिजे. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात मुरूम फार खोल असतो, तिथे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, लागतात. खड्डे उघडे असतानाचे तुमचे फोटो असतील तर जपून ठेवा. त्यांची किंमत आत्ता कळणार नाही.

डोळ्यांना दिसणारी पहिली खरी जागा म्हणजे खांबाच्या तळाची बेस प्लेट. काम बंद असेल तेव्हा साइटवरच्या माणसाची परवानगी घेऊन जवळून बघा. प्लेट आणि काँक्रीट यांच्यामध्ये 25 ते 50 मिमी फट मुद्दाम ठेवतात. खालच्या नटांनी खांब ओळंब्यात आणायचा आणि मग ती फट न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मसाल्याने) पूर्ण भरायची, ही पद्धत. फट मोकळी असेल तर खांब नुसत्या बोल्टांवर उभा आहे. वरच्या बाजूला प्रत्येक बोल्टला वॉशर, नट आणि त्यावर दुसरा नट हवा, आणि नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. सगळ्यांत वाईट खूण म्हणजे प्लेटचं भोक गॅस कटरने वेडंवाकडं वाढवलेलं असणं. काँक्रीट ओतताना बोल्ट साच्यात पक्के धरले नाहीत, ते सरकले, आणि खांब बसेना म्हणून भोक कापलं, असा त्याचा अर्थ. एखाद्या प्लेटवर जाड वॉशर-प्लेट वेल्ड करून ते सावरता येतं. प्रत्येक खांबाला तेच दिसलं तर इंजिनीयरला विचारायलाच हवं.

आता काम का थांबलं. पहिल्या दोन कैच्या चढल्यावर थांबणं हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण. एकटी कैची उभी राहत नाही, ती बाजूला कलते. म्हणून पहिल्या दोन कैच्या दोरांनी ताणून धरतात, त्यांच्यामध्ये पर्लिन आणि तिरपे ब्रेसिंग (आधाराचे दांडे) लावून एक घट्ट चौकट करतात, मग मोजमाप घेतात. ओळंबा, दोन टोकांची उंची आणि कर्णांची लांबी जुळली की बोल्ट पूर्ण आवळायचे आणि पुढच्या कैच्या या चौकटीला टेकवत जायचं. इथे घाई केली तर काय होतं, ते नेदरलँड्समध्ये एन्स्खेडेला दिसलं. 7 जुलै 2011 ला तिथल्या फुटबॉल स्टेडियमच्या वाढीव स्टँडचं छत काम चालू असतानाच कोसळलं आणि 2 कामगार गेले. सांगाड्याला स्थिर ठेवणारे आधार पूर्ण लागण्याआधीच त्याच्यावर भार चढवला होता. तेव्हा तुमच्याकडे कैच्या भराभर चढल्या आणि तिरपे ब्रेसिंग 'नंतर लावू' म्हणून खाली पडून राहिलं, तर काळजी तिथे करा. काम थांबण्याची नाही.

उचलण्याच्या दिवशी हायड्रा (छोटी फिरती क्रेन) किंवा मोठी क्रेन येईल. तुकडा आधी वीतभर उचलून थांबवतात, पट्टे कसे बसलेत आणि तोल कुठे जातोय ते बघतात, मग वर नेतात. तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोर बांधून खालून माणसं तो फिरू देत नाहीत. वारा ताशी 35 किमीच्या वर गेला की लोखंड उचलणं थांबवावं. पत्रे तर त्याच्या बरेच आधी. त्या दिवशी तुम्ही कठड्यावर बसू नका. तुकडा ज्या उंचीवर जाणार त्याच्या दीडपट अंतर तरी ठेवा आणि क्रेन ज्या बाजूला वळते ती बाजू मोकळी सोडा. झूम करून फोटो काढा, जवळ जाऊन नको.

पुढचं टोक वर का दिसतं? ते वरच ठेवलेलं असतं. 10 मीटर पुढे आलेलं टोक पत्रे, दिवे, पन्हळ यांच्या वजनाने काही सेंटीमीटर झुकणार हे आधीच माहीत असतं. समजा 40 मिमी झुकणार असेल, तर कारखान्यातच कैची तेवढी वर वाकवून बनवतात. पत्रे चढल्यावर ती सरळ दिसू लागते. शंका घ्यायची ती वेगळ्या गोष्टीची: शेजारच्या दोन कैच्यांची टोकं एकमेकींपासून वर-खाली असतील तर. लांबून सगळी टोकं एका रेषेत धरून बघा, एक जरी वेगळं असलं तरी लगेच नजरेत भरतं.

सांध्यांकडे वळू. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असतं, ते ताकदीचं चिन्ह. काहीच आकडा नसलेले बोल्ट मुख्य सांध्यात नकोत. चांगला फिटर नट बेताचा आवळून झाला की बोल्ट, नट आणि प्लेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढतो आणि मग शेवटचा पीळ देतो. रेघ तुटून नटावरचा तुकडा बाजूला सरकलेला दिसला, तर तो सांधा आवळलेला आहे. सरळच राहिली असेल तर शेवटचा पीळ बाकी आहे. मोबाइलच्या झूममध्ये ही रेघ स्पष्ट दिसते, म्हणून तुमच्यासारख्यांना ही सर्वांत उपयोगाची खूण.

वेल्डिंग ओळखायला सराव लागतो. चांगला टाका एकमेकांवर सरकवून ठेवलेल्या नाण्यांसारखा, एकसारख्या जाडीचा असतो. बारीक भोकं, कडेला खाल्लेली खाच, वर तसाच राहिलेला काळा मळ आणि त्यावरून मारलेला रंग, या वाईट खुणा. पण वरून सुबक दिसणारा टाकाही आतून कमी असू शकतो. नेदरलँड्समध्येच अल्कमारच्या स्टेडियमचं छत 10 ऑगस्ट 2019 ला जोरदार वाऱ्यात कोसळलं, स्टँड रिकामा होता म्हणून कोणाला इजा झाली नाही. वेल्ड हवे तेवढे मजबूत नव्हते, असं तपासात आलं. म्हणून मोठ्या सांध्यांची अल्ट्रासॉनिक तपासणी (ध्वनिलहरी सोडून वेल्डच्या आतला दोष शोधणं) झाली का, हे विचारण्यात काही गैर नाही.

पत्र्याचं काम सोपं वाटतं आणि गळती मात्र सगळी तिथूनच होते. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेकडे लावत यायचे. मग प्रत्येक जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि पाऊस तिच्यात शिरत नाही. उलटं लावलं तर पहिल्याच मोठ्या पावसात थेंब पडतील. उतारावरच्या दोन पत्र्यांचा जोड निदान 150 मिमी एकमेकांवर हवा. स्क्रू उंचवट्यावर, कारण पाणी खोबणीतून वाहतं. स्क्रूखालचं काळं रबरी वॉशर धातूच्या वॉशरबाहेर किंचित डोकावेल इतपतच दाबलेलं हवं. बाहेर पिळून आलं असेल तर दोन उन्हाळ्यांत फाटतं, मोकळं फिरत असेल तर आजच गळतं. कडेच्या आणि पुढच्या टोकाच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू लागतो, कारण वाऱ्याची ओढ कडेला सर्वांत जास्त आणि पत्रा उडायला सुरुवात तिथूनच होते. भोकं पाडताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी झाडला नाही, तर पहिल्या दवात पत्र्यावर तांबडे ठिपके उठतात आणि रंग तिथून खायला लागतो. रात्री एकही पत्रा दोन स्क्रूंवर अर्धवट सोडलेला नको. उरलेले गठ्ठे दोराने बांधलेले हवेत.

ऊन हा आपल्याकडचा मोठा भार. भुसावळ-जळगावला मे महिन्यात हवाच 45 च्या पुढे जाते, पत्रा त्याहून किती तरी तापतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे पारा 10 च्या खाली येतो. 60 मीटर लांबीच्या सलग सांगाड्यात 40 अंशांच्या फरकाने जवळपास 29 मिमी लांबी बदलते. म्हणून काही सांध्यांची भोकं लांबट ठेवतात, आणि लांब गॅलरीत मध्ये फट सोडतात. ती लांबट भोकं पाहून 'चुकलंय' म्हणू नका. संध्याकाळी छत टकटक वाजतं तेही लोखंड आकसल्याचं, घाबरण्यासारखं नाही.

सावलीबद्दल कोणी विचारत नाही, पण रोज बसणार तुम्हीच. सूर्य 30 अंशांवर असेल आणि छताची पुढची कड बसणाऱ्याच्या डोक्यापासून 8 मीटर उंच असेल, तर ऊन 14 मीटर आत येतं. 12 मीटर खोल छत अशा वेळी पुढच्या रांगांना काहीच देत नाही. गॅलरी मैदानाच्या पश्चिमेला, तोंड पूर्वेला असेल तर संध्याकाळचं ऊन पाठीमागे राहतं. तोंड पश्चिमेला असेल, तर छत पूर्ण झालं तरी चार वाजता डोळ्यांवर हात धरावा लागेल, आणि त्यात ठेकेदाराची चूक नसेल.

रोजच्या फोटोंना शिस्त लावा. एकच जागा ठरवा, तिथे दगडावर चुन्याने खूण करा, दर रविवारी सकाळी त्याच उंचीवरून फोटो घ्या. कैच्यांना पश्चिमेकडून 1, 2, 3 असे आकडे द्या आणि फोटोच्या नावात तेच लिहा, म्हणजे 'तो तिकडचा सांधा' असा वाद होणार नाही. साइटच्या बोर्डावर कामाचं नाव, रक्कम आणि मुदत असते, त्याचाही एक फोटो हवा. नकाशे, वेल्ड तपासणीचा अहवाल आणि स्थिरतेचं प्रमाणपत्र हवं असेल तर बोर्डावरच्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका, कागदाचं नाव लिहून मागा.

छत झालं म्हणून लगेच त्याला मोठे बॅनर बांधू देऊ नका. 16 ऑक्टोबर 2023 ला लखनौच्या विश्वचषक सामन्यात वाऱ्याने छताजवळचे फलक सुटून प्रेक्षकांच्या जागेत पडले होते. प्रत्येक बॅनर म्हणजे शीड, त्याची ओढ कोणीच हिशोबात धरलेली नसते.

आणि पन्हळ. 60 बाय 12 मीटरच्या छतावर तासाला 100 मिमी वेगाचा पाऊस आला तर सेकंदाला 20 लिटर पाणी पन्हळीत येतं. एका टोकाला एकच पाइप दिला असेल तर ते मागच्या भिंतीवरून आत उलटणार. पावसाळ्याआधी टँकर बोलवून वरून पाणी सोडायला सांगा, आणि तुम्ही खाली उभं राहून बघा: पाणी पन्हळीत साचतं का, पाइपातून सुटलेलं पाणी नाल्यात जातं की मागच्या खांबाच्या पायथ्याशी, त्या काळ्या मातीत मुरतं.